जूनमध्ये कोथिंबीर टाकू काय?

"काकी, मृगाचा पाऊस झाला, आता कोथिंबीर टाकू काय?" जूनचा दुसरा आठवडा आला की हा प्रश्न कुणी ना कुणी विचारतंच. गल्लीतली सून विचारते, फोनवर भाची विचारते. यंदा तुम्ही विचारलंत, म्हणून सविस्तर सांगते. कोथिंबीर आत्ता टाकू नका, आणि मेथीही नको.

लग्न होऊन बेळगावात आले त्या पहिल्याच वर्षी मी हे करून बसले. आमच्या परड्यात काळी माती आहे, पाणी धरून ठेवणारी. मृगाच्या सरी आल्या तशी मी सपाट वाफ्यात मेथी आणि धणे टाकले. मेथी चार दिवसांत छान उगवली. मग पावसाची झड लागली ती थांबेचना. वाफ्यात पाणी साचलं आणि दोन पानांवरची रोपं जमिनीलगत कुजून आडवी झाली. धणे तर वर आलेच नाहीत. सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी माती ओढून वीतभर उंच गादी वाफा केला आणि माठाचं बी माझ्या हातावर ठेवलं. म्हणाल्या, "पावसाला हे सोसतं."

तेव्हापासून जून-जुलैत माझ्याकडं लाल माठ, राजगिरा आणि अंबाडी असते. शेजारच्या अक्का अंबाडीला पुंडी म्हणतात आणि आता आमच्या घरातही तेच नाव चालतं. ही तिन्ही ऊब मानणारी पिकं आहेत. पुंडीचे शेंडे खुडत राहिलं की ती बगलेतनं फुटत राहते. माठाचं बी खसखशीएवढं असतं, नुसतं फेकलं तर एकाच जागी पडतं. म्हणून पाव चमचा बी मूठभर बारीक वाळूत कालवायचं आणि विस्कटायचं. वरनं माती ओढायची नाही, हातानं हलकं दाबलं की पुरे. आणि मुंग्यांवर लक्ष ठेवा, हे बी त्या ओळीनं उचलून नेतात. मी वाफ्याच्या कडेनं हळद भुरभुरवते.

मेथी, कोथिंबीर, शेपू, पालक, चुका यांचा खरा हंगाम हस्ताचा पाऊस ओसरला की सुरू होतो. आमच्याकडं ऑक्टोबरपासून जानेवारीपर्यंत. पण तारीख माझी घेऊ नका, तुमच्या गावची घ्या. आपला जिल्हा एकच असला तरी पाऊस एक नाही. खानापूरच्या पश्चिमेला, जांबोटी-कणकुंबीकडं घाटाचा पाऊस, तिथं जमीन वाफशावर, म्हणजे पेरण्याजोग्या ओलीवर, यायला वेळ लागतो. अथणीकडं उलट, तिथं परतीच्या पावसाची ओल असतानाच बी जमिनीत गेलेलं बरं. माती मुठीत दाबा. गोळा झाला आणि बोटानं टोचल्यावर फुटला, तर पेरा. चिकटून राहिला, तर थांबा.

आता कोथिंबिरीचं, कारण सगळ्यांचं अडतं ते तिथंच. एका धण्यात दोन बिया असतात. चपलेखाली किंवा लाटण्यानं हलक्या हातानं रगडून त्याच्या दोन फाका करायच्या, भुगा करायचा नाही. मग रात्रभर पाण्यात भिजवायच्या, सकाळी फडक्यावर पसरून पाणी सुकवायचं आणि नखाएवढ्या खोल रेषा ओढून पेरायच्या. उगवायला आठ-दहा दिवस, थंडीत बारासुद्धा लागतात. पाचव्या दिवशी माती उकरून बघणाऱ्या बायका मी बघितल्यात, त्यांनी मोड मोडून टाकलेले असतात. तेवढे दिवस वरची माती वाळू द्यायची नाही. काळ्या मातीवर पापुद्रा धरतो आणि नाजूक मोड त्याखाली अडकतो, म्हणून मी वाफ्यावर पातळ गवत पसरते आणि झारीनं पाणी देते. कोंब दिसले की गवत त्याच संध्याकाळी काढायचं.

स्वयंपाकघरातले धणे चालतात, पण जुने नकोत. वीस दाणे ओल्या फडक्यात बांधून ठेवा, दहा दिवसांत निम्मेही मोडावले नाहीत तर ते आमटीलाच वापरा. दुकानातलं गुलाबी किंवा निळं दिसणारं बी मात्र औषध लावलेलं असतं. ते खाण्यात येऊ देऊ नका आणि हात साबणानं धुवा.

पालकाच्या एका खडबडीत बीतनं दोन-तीन रोपं येतात, दाटी झाली की उपटून आमटीत टाकायची. मेथीला कसलीच खटपट नाही, महिनाभरात ती ताटात येते.

एक चूक मात्र पुष्कळांची होते. सगळं बी एका दिवशी टाकतात. मग आठ दिवस घरादाराला मेथी आणि पुढं महिनाभर वाफा मोकळा. हातभर रुंद, चार हात लांब पट्टा करा, अर्धी मूठ मेथी टाका. दहा-बारा दिवसांनी शेजारी दुसरा पट्टा. फेब्रुवारीत ऊन चढलं की कोथिंबीर पानं कमी आणि फुलं जास्त धरते, तिथं थांबायचं आणि पुन्हा माठाकडं वळायचं.

पुंडीचं बी यंदा माझ्याकडं भरपूर आहे. शनिवारी बाजाराला आलात की घरी या, येताना कागदाची पुडी आणा.