डोळ्यात वारा का नसतो?

मी हवामानशास्त्र शिकवतो हे कळलं, की पुढचा प्रश्न ठरलेला: “चक्रीवादळाच्या मधोमध म्हणे सगळं शांत असतं, खरंच का?” तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून लिहितो.

खरं आहे. पण आधी समुद्रापासून सुरुवात करावी लागेल.

पाणी साधारण २६.५ अंश सेल्सिअसच्या वर तापलेलं हवं, तेही वरवर नव्हे, पन्नासेक मीटर खोलपर्यंत. वारा पाणी घुसळून खालचं गार पाणी वर आणतो. ऊन थर पातळ असला तर वादळ आपलीच चूल विझवतं. बाष्पाने भरलेली हवा वर चढते, ढग बनताना बाष्पातली उष्णता मोकळी होते, खालचा दाब उतरतो आणि आजूबाजूची हवा आत धावते. पृथ्वी फिरते म्हणून ती धाव वळते. विषुववृत्तावर हे वळण मिळत नाही, त्यामुळे पाच अंशांच्या आत वादळं क्वचितच जन्मतात. (२००१ साली ‘वामेई’ सिंगापूरजवळ जेमतेम दीड अंशावर तयार झालं. वर्गात हा अपवाद सांगताना मला अजून मजा येते.) वरचे आणि खालचे वारे फार वेगळे वाहत असतील, तर मात्र हा सगळा मनोरा तिरपा होऊन विस्कटतो.

आता डोळा, म्हणजे वादळाचा तो मधला शांत भाग. हवा केंद्राकडे सरकते तशी जास्त जोरात गरगरते, आणि एका टप्प्यानंतर तिला आत शिरताच येत नाही. तिथेच ती वर उसळते. ही डोळ्याची भिंत. सर्वांत भयंकर वारा इथला. माथ्यावर पोचलेली बरीचशी हवा बाहेर फेकली जाते, थोडी मधल्या भागात खाली उतरते. उतरताना दाबली जाऊन तापते, कोरडी होते, ढग विरतात. साधारण ३० ते ६५ किलोमीटर रुंदीच्या या जागेत कधी निळं आकाशही दिसतं. दाब मात्र इथेच सर्वांत कमी: १९७९ च्या ‘टिप’ या वादळात ८७० हेक्टोपास्कल, आजवरचा नीचांक.

‘शांत’ हा शब्द मला तरी फसवा वाटतो. डोळ्याखालचा समुद्र चहूबाजूंच्या लाटांनी खवळलेला असतो. १९२६ मध्ये मायामीवरून डोळा गेला तेव्हा वादळ सरलं असं समजून लोक रस्त्यावर आले. अर्ध्यापाऊण तासात भिंतीची दुसरी बाजू येऊन थडकली, वारा उलट्या दिशेने घेऊन. कित्येक जण तेव्हा उघड्यावरच होते.