फॉरमॅट सगळ्यात शेवटी: आमची वाटचाल

सांगलीत विश्रामबागला आमचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान २००६ मध्ये सुरू झालं. भाड्याचा गाळा, दोन टेबलं, मी आणि माझा धाकटा भाऊ. तेव्हा घरोघरी असेंबल केलेले कॉम्प्युटर येत होते, बहुतेकांवर विंडोज एक्सपी. लोडशेडिंगचे दिवस. काम चालू असताना लाइट गेली की विंडोज बिघडायची आणि त्यावर जो तो एकच उपाय सांगायचा: फॉरमॅट मारा. अर्ध्या दिवसात मशीन नव्यासारखं व्हायचं खरं, पण बारशाचे फोटो, सोसायटीचे हिशोब, मुलीचा प्रोजेक्ट त्यात पुसला जायचा. आम्ही दोघांनी सुरुवातीलाच ठरवलं, आपल्याकडे फॉरमॅट सगळ्यात शेवटी. आधी बिघाड नेमका कुठे आहे तो शोधायचा. वेळ जास्त जातो, पैसे तेवढेच मिळतात. तरी तो नियम आम्ही मोडला नाही, आणि गिऱ्हाईक टिकलं ते त्यामुळेच, असं मला मनापासून वाटतं.

“प्रिंटर बिघडलाय” असा फोन येतो तेव्हा प्रिंटर बहुतेकदा ठणठणीत असतो. दिवाळीच्या साफसफाईनंतर तर हे हमखास होतं. टेबल पुसताना केबल काढली आणि परत लावताना दुसऱ्या यूएसबी पोर्टात घातली, एवढंच घडलेलं असतं. जे प्रिंटर आपला सिरियल नंबर कॉम्प्युटरला सांगत नाहीत, त्यांना विंडोज नवा प्रिंटर समजते आणि यादीत ‘कॉपी १’ नावाचा जोडीदार उभा करते. घरचे जुन्याच नावावर प्रिंट देत राहतात आणि तो ऑफलाइन दिसतो. केबल मूळ जागी लावली की काम झालं.

दुसरा नेहमीचा प्रकार म्हणजे रांगेत अडकलेलं एखादं पान. डिलीट केलं तरी जात नाही, आणि त्याच्यामागचं काहीच छापलं जात नाही. अशा वेळी लोक ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर, काढतात, परत टाकतात, परत काढतात. खरं तर पानं रांगेत लावणारी प्रिंट स्पूलर ही विंडोजची सर्व्हिस थांबवायची, विंडोजच्या सिस्टिम३२ मधल्या स्पूल फोल्डरात जाऊन ‘प्रिंटर्स’ फोल्डर रिकामा करायचा, सर्व्हिस पुन्हा चालू करायची. नव्या मुलांना आम्ही पहिल्यांदा हेच शिकवतो. आणि विंडोज १० असेल तर डिफॉल्ट प्रिंटर विंडोजनेच ठरवायचा पर्याय बंद करतो. तो चालू असला की शेवटी वापरलेला प्रिंटर डिफॉल्ट होतो. मग एकदा पीडीएफ केली की पुढची पानंही कागदावर न येता फाइल म्हणून सेव्ह व्हायला बघतात.

सॉफ्टवेअर इन्स्टॉल होत नाही, या तक्रारीत आम्ही आधी घड्याळ बघतो. मदरबोर्डवर सीआर २०३२ नावाचा नाण्याएवढा सेल असतो. तो संपला की मेन स्विच बंद केल्यावर तारीख कित्येक वर्षं मागे जाते. मग वेबसाइटची सर्टिफिकेट, म्हणजे खरेपणाचे मुदतीचे दाखले, चालत नाहीत, डाउनलोड अडतं, अँटिव्हायरस कुरकुरतो, आणि घरात सगळ्यांना वाटतं व्हायरस आला. सेल बदलला की सगळं एकदम सुटतं. त्यानंतर बघायचं ते विंडोज ३२ बिट की ६४ बिट, कारण ६४ बिटचं सॉफ्टवेअर ३२ बिटवर चालत नाही. विंडोज ७ असेल तर आणखी एक गाठ आहे: नव्या ड्रायव्हरवर तो खरा असल्याची खूण म्हणून असलेल्या डिजिटल सह्या शा-२ पद्धतीच्या असतात, आणि २०१९ मध्ये आलेलं त्याचं अपडेट टाकलेलं नसेल तर विंडोज त्या सह्या ओळखतच नाही. ड्रायव्हर चांगला, प्रिंटर चांगला, तरी सही न पटल्याचा एरर, कोड ५२.

मला सगळ्यात जिव्हाळ्याचं वाटतं ते मराठी टायपिंगचं काम. एक्सपीवर युनिकोड मराठी, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर वाचता येणारी, हवी तर रिजनल सेटिंगमध्ये कॉम्प्लेक्स स्क्रिप्टची खूण करावी लागायची आणि तेव्हा एक्सपीची सीडी मागितली जायची. बहुतेकांकडे ती नसायची, म्हणून आम्ही सीडीतला लागणारा फोल्डर मशीनमध्येच ठेवून द्यायचो. पण जुना मजकूर युनिकोडमध्ये नव्हताच. श्री-लिपी, आयएसएम अशा स्वतःचे वेगळे फॉन्ट असलेल्या टायपिंगच्या पॅकेजांवर लोकांनी वर्षानुवर्षं टाइप केलेलं. मिरजेचे एक निवृत्त मुख्याध्यापक आमच्याकडे आले, तेव्हा मुलाने त्यांना नवा कॉम्प्युटर घेऊन दिला होता आणि त्यावर त्यांचं सगळं लिखाण अगम्य खुणांसारखं दिसत होतं. पॅकेज चालायला मशीनला जोडावं लागणारं लॉक जुन्या पद्धतीच्या पॅरलल पोर्टचं, आणि नव्या मशीनला तो पोर्टच नाही. सर खचले होते. “सर, मजकूर कुठेही गेला नाही, जुनं मशीन भंगारात देऊ नका,” एवढंच मी आधी म्हणालो. ते मशीन आम्ही धूळ काढून, इंटरनेट तोडून फक्त मराठीसाठी ठेवलं. मग कन्व्हर्टर लावून एकेक फाइल युनिकोडमध्ये आणली. कन्व्हर्टर रफार आणि जोडाक्षरांत हमखास घसरतो, म्हणून माझी बायको सरांशेजारी बसून ओळ न ओळ तपासायची. तेव्हापासून हे काम आमच्या दुकानाचं वेगळं खातंच झालं आणि ते तीच सांभाळते.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरानंतर गावभागातून चिखलाने भरलेले कॅबिनेट आले. भिजलेली हार्ड डिस्क वाळली असं वाटलं तरी चालू करू नका, हे तेव्हा आम्ही प्रत्येकाला विनवून सांगत होतो. पुढच्याच वर्षी लॉकडाउनमध्ये माळ्यावरचे कॉम्प्युटर शाळेसाठी खाली उतरले आणि आम्ही फोनवरून स्पूलर रिकामे करत बसलो. सप्टेंबर २०२१ मधल्या अपडेटनंतर शेअर केलेले प्रिंटर अडले, नंबरच्या शेवटी ‘११बी’ असलेला एरर यायचा. सुरक्षेची सोय बंद करून तो घालवता येतो, आणि तसं करणारेही बरेच होते. आम्ही मात्र दोन्हीकडची मशीन अपडेट करूनच प्रिंटर जोडले.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित सपोर्ट संपला. अनेक चांगली मशीन विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. मेल, बँक, टायपिंग एवढंच काम असेल तर आम्ही एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कपेक्षा वेगवान डिस्क, टाकून विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत सिस्टिम बसवून देतो. एचपी लेझरजेट १०२० हा आमच्या भागातला लाडका प्रिंटर त्यावर चालतो. त्याचं फर्मवेअर, म्हणजे प्रिंटरचं आतलं सॉफ्टवेअर, प्रिंटरमध्ये साठलेलं नसतं, चालू केल्यावर दर वेळी कॉम्प्युटरकडून यावं लागतं, म्हणून एचपीचं प्लगइन आठवणीने टाकावं लागतं.

फोन करण्याआधी तुमच्याकडून एवढंच हवं: एरर आला की ओके दाबू नका, पूर्ण स्क्रीनचा फोटो काढून पाठवा. प्रिंटरची सीडी सापडली तर जपून ठेवा. घरी येण्याचे पैसे आम्ही निघण्याआधी सांगतो, आणि डेटाची कॉपी घेतल्याशिवाय मशीनला हात लावत नाही.