चावलेला कुत्रा सांभाळताना

खंड्या माझ्या घरी आला तेव्हा त्याच्या नावावर एक चावा जमा होता. तो मूळचा थोरल्या ताईचा. जिन्यात शेजारच्या काकांनी लाडाने वाकून त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि त्याने तो हात धरला. अंगठ्याच्या मुळाशी दोन दात रुतले, रक्त आलं. पुढचं सगळं मी ताईच्या बरोबरीने पाहिलं आणि नंतर कुत्रा माझ्याकडे आल्यावर स्वतः केलं. चावलेला कुत्रा घरात असेल तर एकामागून एक काय काय करावं लागतं हे कुणी सलग सांगत नाही, म्हणून लिहिते आहे.

सगळ्यात आधी काकांचा हात नळाखाली धरला. साबण लावून वाहत्या पाण्यात १५ मिनिटं. काका मध्येच ‘पुरे गं’ म्हणायला लागले, पण ताईने घड्याळाकडे बघत पूर्ण वेळ धुतला. रेबीजच्या विषाणूचं आवरण साबणाने फुटतं, त्यामुळे हे धुणं हाच पहिला उपचार. जखमेत दुसरं काही भरायचं नाही. लगेच दवाखाना गाठला. रक्त आल्यामुळे डॉक्टरांनी जखम तिसऱ्या श्रेणीत धरली, म्हणजे लस तर द्यायचीच, शिवाय जखमेत आणि तिच्या कडेने इम्युनोग्लोब्युलिनही, म्हणजे विषाणूशी लढणारी तयार प्रतिद्रव्यं, टोचायचं. खंड्याच्या लशी वेळच्या वेळी झाल्या होत्या, त्याचं कार्ड आम्ही दाखवलं. डॉक्टरांनी ते नीट वाचलं, पण उपचार थांबवले नाहीत, आणि ते योग्यच होतं. लक्षणं दिसायला लागल्यावर रेबीज जवळपास नेहमीच जीव घेतो, तिथे कार्डावर विसंबून कुणी राहू नये.

कुत्र्याला मात्र १० दिवस नजरेसमोर ठेवायचं होतं. लाळेतून विषाणू टाकणारा कुत्रा तेवढ्या मुदतीत आजारी पडतो किंवा मरतो. म्हणून चावलेला कुत्रा लपवणं, दूर नेऊन सोडणं किंवा रागाच्या भरात मारून टाकणं यासारखा दुसरा अन्याय नाही, कारण ज्याला चावलं त्याच्या हातातली माहितीच त्याने हिरावली जाते. कुत्रा धडधाकट राहिला तर पुढच्या मात्रा द्यायच्या की थांबवायच्या, हे डॉक्टरांना ठरवता येतं. खंड्या धडधाकट राहिला, आणि ताई तसं रोज काकांच्या घरी कळवत होती.

ताईची एक गोष्ट मला फार मोठी वाटली. ‘तुम्हीच हात लावलात ना?’ हे तिने एकदाही तोंडातून काढलं नाही. उपचाराचा सगळा खर्च तिने न मागता दिला. काकांच्या मुलाने पोलिसांत तक्रार केली तेव्हा घडलं तसा जबाब दिला, काही वगळलं नाही, काही सौम्य केलं नाही. तक्रार झाली म्हणून तिला वाईट वाटलं, पण राग आला नाही. अशा गोष्टीची नोंद व्हायलाच हवी, असं मलाही वाटतं. पुढे पुन्हा काही घडलं तर आधी काय झालं होतं हे कागदावर असावं लागतं.

काकांना रोज त्याच जिन्याने जायचं होतं. खंड्या तिथे राहणं त्यांच्यावर अन्याय झाला असता. माझं घर तळमजल्यावर, दार स्वतंत्र. म्हणून तो माझ्याकडे आला.

मी पहिल्यांदा जनावरांच्या डॉक्टरांकडे गेले. प्रौढ, एरवी शांत कुत्रा अचानक चावला तर आधी दुखणं शोधायचं असतं. दात, सांधे, पोट, कान. खंड्याच्या डाव्या कानात खोलवर संसर्ग निघाला. डॉक्टरांनी कानाच्या बुडाला नुसतं बोट लावलं तर तो जागीच ताठ झाला. काकांचा हात नेमका तिथेच पडला असणार. हे कळल्यावर मला त्याची कणव आली, पण जबाबदारी तसूभरही कमी झाली नाही. कुत्र्याला का चावावंसं वाटलं हे मला कळलं, काकांच्या हाताला त्याचा काय उपयोग?

कान बरा होत असतानाच वर्तनतज्ज्ञ बाईंना गाठलं. त्यांनी जात विचारली नाही, जखम कशी होती ते विचारलं. दात किती रुतले, किती खोल, एकदाच धरलं की पुन्हा पुन्हा, धरून झटके दिले का. इयान डनबर या पशुवैद्यांनी चाव्यांच्या सहा पायऱ्या केल्या आहेत. पहिलीत दात अंगाला लागतच नाहीत, सहावीत जीव जातो. एकाच चाव्यात एक ते चार खुणा, आणि त्या सुळ्याच्या निम्म्याहून कमी खोल, ही तिसरी पायरी. खंड्या तिथे होता. चौथीच्या पुढे गेलेला कुत्रा असता तर बाईंनी मला वेगळा सल्ला दिला असता, आणि तसं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

जात मात्र बाकी सगळे विचारतात. खंड्या मिश्र जातीचा आहे, आणि हे ऐकून लोक निर्धास्त होतात याचीच मला काळजी वाटते. अठरा हजारांहून जास्त कुत्र्यांचा एक अभ्यास २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला होता. एकेका कुत्र्याच्या स्वभावातल्या फरकांपैकी साधारण ९ टक्केच फरक जातीने समजावता येतात, असं त्यात दिसलं. आकाराचं तसं नाही. मोठ्या जबड्याचा कुत्रा चुकला तर इजा मोठीच होते, तेव्हा मोठा कुत्रा पाळणाऱ्याने दुप्पट सावध असावं.

मग मझल, म्हणजे चावता येऊ नये म्हणून कुत्र्याच्या तोंडावर चढवायचं आवरण. यात मला सगळ्यात जास्त वेळ लागला, आणि तो लागायलाच हवा. कापडी पट्टीचं मझल तोंड मिटवून टाकतं. कुत्रा जीभ बाहेर काढून, धापा टाकून अंग थंड करतो, त्यामुळे ते दवाखान्यात काही मिनिटांपुरतं ठीक, फिरायला धोक्याचं. फिरायला जाळीचं मझल लागतं. आत तोंड उघडता आलं पाहिजे, पाणी पिता आलं पाहिजे, नाक पुढे घासता कामा नये. माप घेऊनच घ्यावं.

कान पूर्ण बरा होईपर्यंत मी ते त्याच्या डोक्याजवळही नेलं नाही, कारण पट्टा कानामागूनच जातो. आधी ते नुसतं जमिनीवर ठेवलं आणि तळाशी खाऊ. त्याने स्वतःहून नाक आत घालायचं, मी मझल त्याच्या तोंडाकडे सरकवायचं नाही, आणि त्याला मागे घ्यायचं असेल तर घेऊ द्यायचं. नाक काही क्षण आत राहायला लागलं तेव्हा पट्टा हलकेच मानेवर टेकवला. बकलचा खट् आवाज झाला की तो दचकून मागे व्हायचा. मग खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभं राहून नुसतं बकल वाजवायचं आणि खाऊ टाकायचा, असं चालू केलं. आवाज झाला की तो माझ्या हाताकडे बघायला लागला, तेव्हाच ते मानेमागे लावलं. आता मी मझल हातात घेतलं की तो स्वतः नाक पुढे करतो.

याच काळात त्याचं अंग वाचायला शिकले. गुरगुरणं ही बरीच उशिराची पायरी. त्याआधी तो ओठ चाटतो, मान वळवतो, डोळ्याचा पांढरा भाग दिसतो, आणि मग क्षणभर सगळं अंग थिजतं. गुरगुरल्याबद्दल त्याला ओरडायचं नाही, हा बाईंचा सक्त नियम. गुरगुरणं दाबलं की कुत्रा सूचना न देता चावायला शिकतो. मी काय करायचं? अंतर वाढवायचं, बाजूला व्हायचं, निघायचं. दोरी आखूड आणि मजबूत, हार्नेस (छातीभोवतीचा पट्टा) आणि गळ्यातला पट्टा दोन्हींना अडकवलेली. बटण दाबलं की लांबत जाणारी दोरी मोठ्या कुत्र्याला मी कधीच लावणार नाही.

रस्त्यावर आम्हाला खरा त्रास होतो तो मोकळ्या सोडलेल्या लाडक्या कुत्र्यांचा. लांबून एखादा कुत्रा सुसाट येतो आणि मागून मालक हाक मारतो, ‘घाबरू नका, तो काही करत नाही!’ माझा करू शकतो. मझल असलं तरी तीस किलोचं अंग धडक देतं, घाबरतं, आणि इतक्या आठवड्यांची मेहनत एका मिनिटात वाया जाते. लहान मुलाला, काठी टेकत जाणाऱ्या आजोबांना, पूर्वी कधी चावलं गेलंय त्याला, तुमच्या कुत्र्याचा स्वभाव कसा माहीत असणार? ब्रिटनच्या १९९१ च्या धोकादायक कुत्र्यांच्या कायद्यात काही जातींवर बंदी आहे, ती मला पटत नाही. पण त्याच कायद्यातली दुसरी गोष्ट मनापासून पटते. कुत्रा इजा करेल अशी रास्त भीती वाटावी इतका तो ताब्याबाहेर असेल, तर प्रत्यक्ष चावा झाला नसला तरी मालक दोषी ठरू शकतो. मोजमाप समोरच्या माणसाच्या बाजूने घेतलं आहे.

आता तो बराच निवळला आहे. ‘काढ ना ते बिचाऱ्याचं’ असं ओळखीचे लोक म्हणतात. काढणार नाही. बाईंनाही विचारलं, त्यांचंही मत तेच पडलं: घराबाहेर मझल कायम. घरी पाहुणे आले की दार उघडण्याआधी तो आतल्या खोलीत जातो, आणि भाचरांनी कितीही हट्ट केला तरी त्याच्या डोक्यावर हात ठेवायला मी देत नाही. मी बाहेरगावी जाते तेव्हा त्याची दोरी फक्त ताईच्या हातात असते. तिला ते जमणार नसेल तर माझं जाणं पुढे ढकललं जातं.