अंदमान: बोट, भरती आणि लवकर पडणारा अंधार

पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक, नील, परत पोर्ट ब्लेअर आणि तिथून बाराटांग असा हा मार्ग. महाराष्ट्रातून जाणारे बहुतेक जण थोड्याफार फरकाने हाच मार्ग धरतात. पुढच्यांसाठी आधी एक खुलासा: २०१८ मध्ये हॅवलॉकचं स्वराज द्वीप आणि नीलचं शहीद द्वीप झालं, तर २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचं श्री विजयपुरम. बोटीच्या तिकिटावर नवं नाव असतं आणि रिक्षावाला जुनं बोलतो, त्यामुळे दोन्ही लक्षात असू द्यात.

तिथे माणसं अडचणीत येतात त्यामागे बहुतेक वेळा घाई असते. कार्यक्रम इतका घट्ट बांधलेला असतो की समुद्र खवळला तरी बोट गाठायची असते, अंधार पडला तरी पोहायचं असतं आणि विमानाच्या आदल्या संध्याकाळी डायव्हिंग उरकायचं असतं. म्हणून सुरक्षिततेची सुरुवात तिकिटं काढतानाच होते.

आखणी

"मान्सून अंदमानात दाखल" ही बातमी आपल्याकडे मेच्या मध्याला येते. आपण ती आनंदाने वाचतो, पण त्याच दिवसापासून तिथल्या बोटींचं वेळापत्रक डळमळीत होतं. ऑक्टोबर ते डिसेंबर हा अंदमानच्या समुद्रात वादळं तयार होण्याचा काळ. डिसेंबर २०१६ मध्ये वरदा चक्रीवादळाच्या आधीच्या कमी दाबाच्या पट्ट्याने हॅवलॉक आणि नीलवर हजाराहून जास्त पर्यटक अडकले आणि नौदल व तटरक्षक दलाच्या जहाजांनी त्यांना बाहेर काढलं. जानेवारीच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत समुद्र त्यातल्या त्यात शांत असतो.

आधी बेटं करा, पोर्ट ब्लेअर शेवटी ठेवा. पहिल्याच दिवशी सेल्युलर जेल दाखवायचं, अशी अनेक सहल कंपन्यांची पद्धत असते. आपल्याकडच्या माणसांना सावरकरांची कोठडी पाहायची ओढ असते, ते स्वाभाविकच आहे. पण जेल शेवटच्या दिवसासाठी राखलं तर विमानाआधीचा आख्खा दिवस मुख्य बेटावर जातो. आदल्या दिवशीची बोट रद्द झाली तर तोच दिवस कामी येतो. नीलहून सकाळच्या बोटीने येऊन दुपारचं विमान पकडण्याचा बेत कधीही आखू नका.

नेहमीची औषधं चार दिवस जास्तीची घ्या आणि रोख पैसे जवळ बाळगा. चेन्नईहून समुद्राखालून टाकलेली केबल २०२० मध्ये सुरू झाल्यापासून नेट सुधारलंय, पण छोट्या बेटांवर ते जातं, आणि नेट गेलं की यूपीआयही गेलं. तिकिटं आणि ओळखपत्र कागदावर छापून ठेवा.

बोटीत

खासगी कॅटामरान (जुळ्या सांगाड्याची वेगवान बोट) पोर्ट ब्लेअरहून हॅवलॉकला साधारण दीड तासात नेते, सरकारी फेरी अडीच तास घेते. कॅटामरानमध्ये प्रवासी बंद वातानुकूलित दालनात बसतात, म्हणून ज्यांना बोट लागते त्यांना तिथे जास्त त्रास होतो. सरकारी फेरीच्या डेकवर वारा असतो. उलटीची गोळी डॉक्टरांना विचारून बोट सुटण्याच्या तासभर आधी घ्यायची. मळमळ सुरू झाल्यावर घेतली तर ती पोटात टिकत नाही. जागा मधल्या भागात आणि मागच्या बाजूला मागा, कारण बोटीच्या पुढच्या टोकाशी हेलकावे सगळ्यात मोठे असतात.

खरी काळजी छोट्या बोटींची घ्या. २६ जानेवारी २०१४ रोजी पोर्ट ब्लेअरजवळ पर्यटकांची बोट बुडून २१ जण गेले. बोटीत क्षमतेपेक्षा फार जास्त माणसं होती. म्हणून चढण्याआधी बोटीवर लिहिलेली प्रवासी संख्या वाचा, माणसं मोजा, जॅकेटं मोजा. जॅकेट अंगात घालून सगळे बंद लावा आणि सोबतच्याला खांद्याच्या पट्ट्या धरून वर ओढायला सांगा. जॅकेट हनुवटीच्या वर सरकलं तर ते मोठं आहे. पाण्यात ते डोक्यावरून निघून जाईल आणि माणूस खाली राहील. लहान मुलांना मोठ्यांचं जॅकेट घट्ट बांधून देतात, ते चालवून घेऊ नका. मुलांच्या मापाचं नसेल तर ती बोट सोडा.

हॅवलॉक

जेट्टी गोविंदनगरला, राहायची बहुतेक ठिकाणं विजयनगरला (पाच नंबर) आणि प्रसिद्ध किनारा राधानगरला (सात नंबर). जेट्टीपासून राधानगर साधारण १२ किलोमीटर, रस्ता अरुंद आणि वळणांचा. डिसेंबरमध्ये तिथे पाचच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणजे मुंबईपेक्षा तासभर आधी, आणि विषुववृत्ताच्या जवळ असल्याने संधिप्रकाश फार टिकत नाही. सूर्यास्त बघून शेकडो भाड्याच्या स्कूटर एकदम निघतात. ओले पाय, चप्पल, चाकाखाली वाळू, काळोख आणि समोरून जीप. मगर किंवा जेलीफिश यांच्या आधी या रस्त्याची भीती बाळगा. स्कूटर घेताना दोन्ही ब्रेक, दिवा आणि टायर तपासा, हेल्मेट दोघांनाही घ्या. सूर्यास्तासाठी जायचं तर सरळ रिक्षा किंवा जीप ठरवावी आणि परतीचंही त्याच वेळी बोलून ठेवावं.

राधानगर पश्चिमेला आहे, त्यामुळे मे ते सप्टेंबर नैर्ऋत्येच्या वाऱ्याने तिथे लाटा उसळतात आणि विजयनगर-कालापत्थरची पूर्व बाजू आडोशाला असते. हिवाळ्यात उलटं. लाटा फुटत असताना मधेच एखादा शांत, गडद पट्टा दिसला तर तिथेच उतरावंसं वाटतं, पण पाणी तिथूनच समुद्राकडे परत खेचलं जात असतं. त्यात सापडलात तर किनाऱ्याच्या दिशेने झुंजू नका, दम संपतो. तरंगा, हात वर करा, ओढ सैल पडली की किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला व्हा आणि मग लाटांबरोबर आत या. जीवरक्षकाच्या झेंड्यांबाहेर आणि संध्याकाळनंतर पाण्यात जायचं नाही.

अंधारानंतर न जाण्याचं दुसरं कारण खाऱ्या पाण्यातली मगर. एप्रिल २०१० मध्ये राधानगरला लागून असलेल्या नील्स कोव्हजवळ स्नॉर्केलिंग करणाऱ्या एका अमेरिकन तरुणीचा मगरीने बळी घेतला. ही मगर खाडीत, कांदळवनात राहते, पण समुद्रातूनही लांब पोहते. पहाट, तिन्हीसांजा आणि रात्र या तिच्या शिकारीच्या वेळा. ओढा समुद्राला मिळतो ती जागा पोहण्यासाठी कायमची वर्ज्य समजा, किनारा कितीही सुंदर असो. पाटीवर मगरीचं चित्र असेल तर गुडघाभर पाण्यातही उभं राहू नये.

जेलीफिशचा डंख झाला तर आधी माणसाला पाण्याबाहेर काढा. चोळू नका, गोडं पाणी ओतू नका, वाळू घासू नका. त्वचेवर राहिलेल्या तंतूंमधल्या न फुटलेल्या विषपेशी त्याने फुटतात. साधं पांढरं व्हिनेगर किमान अर्धा मिनिट सतत ओता, मग तंतू चिमट्याने उचला. वेदनेसाठी नंतर गरम पाणी. श्वास किंवा छातीची तक्रार सुरू झाली तर लगेच दवाखाना, आणि श्वास थांबला तर जागेवरच छातीवर दाब. व्हिनेगरची बाटली पोर्ट ब्लेअरच्या बाजारातून घेऊन जा.

पाकट (स्टिंगरे) आपल्यालाही नवा नाही. २०१३ मध्ये गणेश विसर्जनाला गिरगाव चौपाटीवर अनेकांना पाकटांनी काटे मारले होते. तो वाळूत पुरून बसतो आणि पाय पडला की शेपूट मारतो, म्हणून उथळ पाण्यात पाय उचलून टाकू नका, वाळूतून घसटत चाला. काटा लागला तर पाय सोसेल इतक्या गरम पाण्यात, ४५ अंशांपर्यंतच्या, अर्धा ते दीड तास बुडवा. पाण्याचा अंदाज चांगल्या हाताने घ्या, कारण दुखऱ्या पायाला भाजलेलं कळत नाही. स्टोनफिश आणि लायनफिशलाही हाच उपाय. काटा छातीत किंवा पोटात रुतला असेल तर उपसू नका.

स्कूबाचं पहिलं डायव्ह प्रशिक्षकासोबत जास्तीत जास्त १२ मीटरपर्यंत असतं. दमा, फिट, हृदयविकार, कानाचं ऑपरेशन, सायनस यांची माहिती अर्जात खरी लिहा. सर्दी असेल तर डायव्ह सोडून द्या, पैसे गेले तरी चालतील. कान प्रत्येक मीटरला मोकळा करायचा, दुखायला लागल्यावर नाही. वर येताना श्वास कधीही रोखायचा नाही, कारण फुप्फुसातली हवा वर येताना फुगते. एका डायव्हनंतर विमानापर्यंत किमान १२ तास आणि अनेक डायव्हनंतर १८ तास लागतात. सरळ २४ तास धरा.

नील

नीलवर धोका कमी आणि दगड जास्त. लक्ष्मणपूरचा नैसर्गिक पूल फक्त ओहोटीत बघता येतो. आपल्या कोळ्यांचा तिथीच्या पाऊणपटीने भरतीची वेळ काढायचा हिशेब इथे लावू नका, तो आपल्या किनाऱ्याचा आहे. हॉटेलात भरतीची वेळ विचारा, ओहोटीच्या तासभर आधी पोहोचा आणि पाणी वळताच निघा. उधाणाच्या दिवशीही इथे पाणी दोनएक मीटरच चढतं-उतरतं, पण किनारा सपाट असल्याने ते वेगाने पायाशी येतं. शेवाळलेल्या प्रवाळावर साधी चप्पल टिकत नाही, मागे पट्टा असलेली रबरी सँडल हवी. प्रवाळाने कापलं तर साबण आणि स्वच्छ पाण्याने जखम घासून धुवा, कण राहिला तर ती हमखास चिघळते. शंख-प्रवाळ उचलू नका. बरेचसे वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत आणि विमानतळावर सामान तपासतात. कोन शेल या विषारी शंखाचा डंख तर जीवघेणा असतो.

संध्याकाळी किनाऱ्यावर वाळूमाश्या चावतात आणि खाज आठवडाभर टिकते. पायांवर खोबरेल तेलाचा जाड थर आणि लांब पँट याने बराच फरक पडतो. बूट घालण्याआधी झटका, घोण आत शिरते.

खोलीत पोहोचल्यावर आधी उंच जागा कुठे आहे ते विचारून ठेवा. २६ डिसेंबर २००४ ची त्सुनामी या बेटांनी सोसली आहे. जोराचा भूकंप बराच वेळ जाणवला किंवा समुद्र अचानक मागे हटला, तर भोंग्याची, मेसेजची वाट न पाहता किमान ३० मीटर उंचीवर चालत जा. सामान राहू द्या. पहिली लाट सगळ्यात मोठी असतेच असं नाही, म्हणून काही तास खाली उतरू नका.

बाराटांग

पहाटे तीन-साडेतीनला निघून जिरकाटांग नाक्यावरून सहाच्या पहिल्या ताफ्यात शिरायचं, गाड्या तिथून एकत्रच सोडतात. रस्ता जारवा या आदिवासी जमातीच्या राखीव क्षेत्रातून जातो. थांबणं, फोटो, खाऊ देणं, सगळं गुन्हा आहे आणि आदिवासी संरक्षणाच्या १९५६ च्या नियमावलीत २०१२ साली केलेल्या दुरुस्तीनंतर शिक्षा तुरुंगवासापर्यंत जाते. हा नियम त्यांच्या जिवासाठीही आहे: आपल्यासाठी साधा असलेला सर्दी-गोवर त्यांच्यात पसरू शकतो. ड्रायव्हर "फक्त एक फोटो" म्हणाला तरी नाही म्हणा. परतीचा शेवटचा ताफा दुपारीच असतो, म्हणून चुनखडीच्या गुहेत रेंगाळू नका. गुहेकडे जाणारी होडी कांदळवनातून जाते, हात पाण्यात सोडायचे नाहीत.

संकटात ११२, समुद्रात तटरक्षक दलाचा १५५४. मोठा दवाखाना पोर्ट ब्लेअरचं जी. बी. पंत रुग्णालय. बेटांवर प्राथमिक सोयच असते आणि तिथून पुढे न्यायलाही बोट किंवा हेलिकॉप्टर लागतं. पाण्यात भिजलेल्या उघड्या जखमांना जपा, कारण लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) तिथे कोकणाइतकाच परिचयाचा आहे, मलेरिया-डेंग्यूही आहेत. घरी परतल्यावर महिन्याभरात ताप आला तर डॉक्टरांना पहिल्या वाक्यातच अंदमानहून आल्याचं सांगा, म्हणजे त्या तपासण्या लगेच होतील.