कनौजचा चैती गुलाब: भट्टीवरची एक पहाट

लग्नात मनगटाला लावलेलं अत्तर आणि अंगावर उडालेलं गुलाबपाणी, एवढीच माझी गुलाबाच्या वासाशी ओळख होती. म्हणून एप्रिलच्या सुरुवातीला मुंबईहून पुष्पक एक्सप्रेसने कानपूर आणि तिथून टॅक्सीने सुमारे ८० किमीवरचं कनौज, उत्तर प्रदेशातलं अत्तरांचं गाव, गाठलं.

जायचं तर मार्चअखेर ते एप्रिल. हा गुलाब चैत्रात बहरतो, म्हणूनच तो चैती. ऊन चढलं की वास उडतो, त्यामुळे खुडणी पहाटेची. अत्तर गाळतात त्या भट्टीवर सकाळी सातच्या आत पोचा, आणि आदल्या दिवशी मालकाला विचारून ठेवा.

तांब्याच्या देगेत, म्हणजे मोठ्या हंड्यात, फुलं आणि पाणी; झाकण चिकणमाती नि कापसानं लिंपलेलं. बांबूच्या चोंग्यातून, म्हणजे नळीतून, वाफ हौदात बुडवलेल्या भपक्यात, म्हणजे ती जमा करणाऱ्या भांड्यात, उतरते. भपक्यात आधीच चंदनाचं तेल असतं; ते वास धरून ठेवतं. तापमापक कुठेही नाही. कारागीर पाण्यात हात घालून भपक्याची पाठ चाचपतो आणि किती वाफ उतरली ते सांगतो. मीही हात लावला. मला नुसती ऊब लागली, त्याला त्यात सगळा हिशेब कळत होता. भपका बदलताना तो देगेवर ओलं फडकं फिरवून वाफ दाबतो.

थंड झाल्यावर तळाचं पाणी काढून पुन्हा देगेत घालतात, आणि त्याच तेलावर रोज नवी फुलं. पाणी टाकत नाहीत, कारण गुलाबाचा मधाळपणा ज्यात असतो ते फिनाइल इथाइल अल्कोहोल नावाचं सुगंधी द्रव्य पाण्यात विरघळतं. फ्रान्समध्ये ग्रास या गावी द्रावकानं अर्क काढतात, त्यात ते टिकतं. तो अर्क ताज्या फुलाच्या जास्त जवळ वाटतो. मला मात्र चंदनावरचा गुलाबच आवडला.

चंदनाशिवायचा तो रूह गुलाब. किलोभर गुलाबतेलाला साडेतीन-चार टन फुलं लागतात, म्हणून स्वस्त ‘रूह’ दिसला की पुढे चला. बडा बाजारात पहिला प्रश्न विचारा: बेस कशाचा, म्हणजे वास कोणत्या तेलात धरलाय? चंदन महागल्यापासून पॅराफिनवरचं, म्हणजे खनिज तेलावरचं, अत्तरही विकलं जातं. त्या दिवशी स्वतः काही लावून जाऊ नका. एका वेळी तीनच वास घ्या, मनगटावर लावून दोन तास भटका, मग ठरवा. बाटली काचेची, घट्ट बुचाची घ्या.

गुलाब हुकला तर मे-जूनमध्ये जा: तेव्हा भाजलेल्या मातीतून पहिल्या पावसाच्या वासाचं मिट्टी अत्तर काढतात.