व्हाइटनरखाली

बुधवार, 29 एप्रिल

मी नखाने व्हाइटनर खरवडला. हे आधीच लिहून टाकते, नाहीतर चार पानं झाली तरी मी तिथपर्यंत येणार नाही. त्रेपन्न वर्षांची बाई, ऑफिसात कुणी नाहीसं बघून, फलकाला टाचलेल्या वर्गवाटपाच्या कागदावरचा व्हाइटनर अंगठ्याच्या नखाने खरवडत उभी होती. वर्गातलं एखादं कार्टं असं करताना सापडलं असतं तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं. (नसतं केलं. आता करता येत नाही. पण मनातल्या मनात केलं असतं.)

शेवटची मीटिंग होती. दरवर्षीचंच सगळं. निकालपत्रकांवर सह्या, यू-डायसमध्ये, म्हणजे सरकारच्या त्या ऑनलाइन नोंदीत, कुणाकुणाच्या मुलांचे आधार जुळत नाहीत, डेड स्टॉक रजिस्टरात एक टेबल जास्तीचं कसं आलं, एक मेला झेंड्याला किती वाजता यायचं, निकाल किती वाजता वाटायचा. मग मठ्ठा. मठ्ठा फिरत असतानाच मोठ्या बाईंनी पुढच्या वर्षीचे बदल वाचून दाखवले. चौथीची एकच तुकडी राहणार. ब तुकडीची खोली बालवर्गाला. वाचनालयाची कपाटं जिन्याखाली. चौथी अ, नवीन मॅडम. पहिली, मी.

माझं नाव वाचताना त्या थांबल्यासुद्धा नाहीत. पुढच्या ओळीला, पाण्याच्या टाकीला, गेल्या. टाकीवर मात्र दहा मिनिटं चर्चा झाली.

वीस वर्षं चौथीला आहे मी. 2006 च्या जूनपासून. मला कुणी विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं का, हे मी डेक्कनपर्यंत चालत येताना स्वतःला विचारत होते. बस सोडून दिली, लक्ष्मी रोडने निघाले ती अलका चौक, लकडी पूल, अशी उन्हातच. साडेचारला सुद्धा पुलावरून वाफा येत होत्या. उत्तर असं की मी आधी नाही म्हटलं असतं, मग त्यांनी आग्रह केला असता, मग मी हो म्हटलं असतं. तेवढाही खेळ झाला नाही.

बरं, वर्ष कोणतं? दहा वर्षांनी शिष्यवृत्तीची परीक्षा चौथीला परत आली ते वर्ष. 2016-17 ला ती पाचवीवर नेली तेव्हा माझ्या वर्गातून कुणीतरी देवघर उचलून नेल्यासारखं झालं होतं. हे मोठं वाक्य झालं खरं, पण चौथीच्या बाईला विचारा. परीक्षा 1954-55 पासूनची, आमच्या अण्णांना तिचं कोण कौतुक. माझी स्वतःची दोन मार्कांनी हुकली होती. तो विषय इथे नको.

आणि मग गेल्या ऑक्टोबरात शासनाने ठरवलं, पुन्हा चौथी आणि सातवी. यंदा संक्रमणाचं वर्ष म्हणून दोन्हीकडे, पाचवी-आठवीची फेब्रुवारीत आणि चौथी-सातवीची उन्हाळ्यात. दिवाळीची सुट्टी संपल्यापासून मी शाळा सुटल्यावर एक तास थांबत होते. फी नाही, कुणी सांगितलेलं नाही. बुद्धिमत्ता चाचणीच्या जुन्या वह्या माळ्यावरून काढल्या, वाळवी लागलेली दोन पानं पुन्हा लिहिली. आरशातली प्रतिमा पुस्तकातून समजत नाही कुणालाच, म्हणून पर्समधला आरसा घड्याळाच्या चित्राशेजारी उभा धरायचा, आणि 'बघ, सव्वातीनचे पावणेनऊ झाले' म्हणायचं. त्या क्षणी पोरांचं तोंड जे उघडतं ना. दहा वर्षं मी ते तोंड पाहिलं नव्हतं. आरशाचा कोपरा फुटलाय या वर्षी, कुणी पाडला ते मला माहीत आहे, विचारलं नाही.

तर ते सगळं आता नवीन मॅडमकडे. गुणी आहे हो मुलगी. शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवरून आली, अजून शिक्षणसेवकच आहे, सोळा हजारांच्या मानधनात कोथरूडचं भाडं भरते. टीईटी, ती शिक्षक पात्रता परीक्षा, चांगल्या मार्कांनी पास. मी त्यातूनसुद्धा नशिबाने सुटले. सप्टेंबरात सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, जुन्या शिक्षकांनाही टीईटी सक्तीची, फक्त पाच वर्षांहून कमी सेवा राहिलेल्यांना सूट, आणि माझा जन्म ऑगस्टातला, म्हणजे एका दिवसाने का होईना पाचाच्या आत. सगळ्यांनी पेढे मागितले होते. पेढे दिलेही. परीक्षेत पास झाल्याचे नव्हेत, परीक्षा चुकल्याचे पेढे. आज ते आठवून घशात अडकल्यासारखं झालं.

मीटिंग संपल्यावर तीच माझ्याकडे आली. म्हणाली, "मॅडम, तुमची बुद्धिमत्ता देता का मला? सुट्टीत झेरॉक्स काढून परत करते."

देते म्हटलं. काय म्हणणार?

पण दुखतंय ते हे नाही. मी मघापासून चाचपून बघतेय, दात दुखत असला की जीभ सारखी तिथेच जाते तसं. शिष्यवृत्ती गेली, ठीक. वर्ग गेला, ठीक. खिडकीशी कडुलिंब आहे माझ्या वर्गात, तोही गेला. पण जीभ जाते ती त्या व्हाइटनरवर.

कागद हाताने लिहिलेला होता. मोठ्या बाईंचं अक्षर सुरेख, आखल्यासारखं. पहिलीसमोर माझं नाव, स्वच्छ, एका दमात. चौथी अ समोर मात्र पांढरा फराटा आणि त्याच्यावर नवीन मॅडमचं नाव. म्हणजे आधी तिथे दुसरं काहीतरी होतं. कुणाचं तरी नाव होतं आणि ते खोडलं. मी काय समजायचं ते समजले. माझं होतं. आधी माझंच लिहिलं, मग कुणीतरी काहीतरी बोललं, संस्थेतून फोन आला असेल, पालकांपैकी त्या अमुक एकीने कान भरले असतील, आणि मग माझ्यावर पांढरं फासलं. ऑफिसात शिरण्याआधी, व्हरांड्यातच, माझं उत्तर तयार होतं. शांतपणे, आवाज न चढवता द्यायचं उत्तर. पहिलं वाक्य होतं, "बाई, मला कारण सांगायलाही तुम्हाला वाटलं नाही." फार छान वाक्य होतं.

खरवडलं. पापुद्रे निघाले. खाली नवीन मॅडमचंच नाव होतं. आडनावातली वेलांटी ऱ्हस्व पडली होती, ती दीर्घ करायला व्हाइटनर लावला होता.

इतकंच.

मी तिथे किती वेळ उभी होते कोण जाणे. नखात पांढरा चुरा. वेलांटीसाठी! जन्मभर मी लोकांच्या वेलांट्या लाल केल्या, आणि आज एका वेलांटीने माझा पोपट केला.

आता इथे खरं लिहायला हवं, ही वही माझीच आहे. मला तिथे माझं नाव हवं होतं. खोडलेलं चाललं असतं. खोडलेलंच हवं होतं बहुतेक. म्हणजे आज रात्री मला कुणावर तरी रागावता आलं असतं, ताईला फोन करून तासभर सांगता आलं असतं, ती म्हणाली असती, 'तुझ्यावर कायमच असं होतं गं.' पण चौथीसाठी माझा विचारच झाला नाही. भांडायलाही समोर कुणी नाही. वेलांटीशी काय भांडू?

(लेकीचा फोन आला होता मधे. तिला नाही सांगितलं. तिचं तिलाच पुरे झालंय सध्या.)

जेवणं झाली. हे आयपीएल बघत बसलेत. पुढचं लिहिते.

ऑफिसातून निघाले तर जिन्यात मावशी भेटल्या. त्यांना सगळं माहीत असतं. म्हणाल्या, "पहिली का बाई? आता नाकं पुसा." मी म्हटलं, पुसते. "आणि चड्ड्या." तेही बघू म्हटलं. मग त्याच म्हणाल्या, किल्ली देऊ का, कपाट बघून घ्या, त्या बाई तर आता येणार नाहीत फार.

पहिलीच्या बाई 31 मेला निवृत्त होताहेत. एक जूनवाल्या. शाळेत घालताना गुरुजींनी विचारलं असणार, पोरीचा जन्म कधीचा, आणि घरचे म्हणाले असणार, पेरणीच्या आसपासचा. निम्म्या महाराष्ट्राचा वाढदिवस असाच एक जूनला येतो. गेल्या वर्षी पहिलीचं पुस्तक नवीन आलं, त्यात तिसऱ्या भाषेचा तो घोळ, 16 एप्रिलला पहिलीपासून हिंदीचा आदेश आणि 29 जूनला सगळं मागे, तेव्हा या बाई रोज नवीन परिपत्रक घेऊन स्टाफरूममध्ये यायच्या. त्यांना मी म्हटलं होतं, "बरं बाई मी चौथीला आहे." हसून म्हटलं होतं. त्या काही बोलल्या नव्हत्या. मठ्ठ्याचा पेला हातात धरून आज माझ्याकडे बघत होत्या, तेव्हाही काही बोलल्या नाहीत. चांगल्या आहेत. मी असते तर बोलले असते.

पहिलीच्या वर्गात शिरले. सगळं गुडघ्याएवढं. बाकावर बसून पाहिलं, बसता आलं, उठताना बाकाला नमस्कार करावा लागला. भिंतीवरच्या तक्त्यात ऋ ऋषीचा, त्या ऋषीला कुणीतरी चष्मा काढलाय, निळ्या पेनाने, दोन्ही काचा वेगवेगळ्या मापाच्या. कपाटात वरच्या खणात हजेऱ्या. खालच्या खणात बाटल्यांची झाकणं, चिंचोके, मणी, एका डब्यात नुसती बटणं, आणि बुटाच्या खोक्यात खराट्याच्या काड्यांचे गठ्ठे. बोटभर लांबीच्या सारख्या कापलेल्या काड्या, दहा-दहाला रबर लावलेलं. दशक शिकवायचे. सुट्या काड्या वेगळ्या, एककाच्या.

ते खोकं हातात घेतलं आणि मला हसूच यायला लागलं.

कारण वीस वर्षं, दर जुलैत, पहिल्या चाचणीचे पेपर तपासून मी स्टाफरूममध्ये एक वाक्य टाकते. सगळ्यांना पाठ आहे. "यांना पहिली-दुसरीत काही शिकवलंय की नाही?" हातच्याची वजाबाकी आली की पोरं गडगडतात, 403 वजा 158 दिलं की निम्मा वर्ग शून्याकडून उसने मागत बसतो, आणि मी ते पेपर टेबलावर आपटून हे वाक्य म्हणते. पहिलीच्या बाई समोरच डबा खात असतात. वीस वर्षं डबा खाताहेत बिचाऱ्या.

आता हे वाक्य नवीन मॅडम म्हणणार. अजून चारेक जुलै मी आहे. ती अशी आपटणार नाही पेपर, सभ्य आहे, पण मनात म्हणेलच. आणि मी भाजी-पोळीचा घास घेऊन ऐकणार. मोठ्या बाईंनी हे ठरवून केलं असेल तर मी त्यांना मानते. केलं नसणार. माझं नाव एका दमात लिहिलंय म्हणजे त्यांना शंका पडली नव्हती इतकंच, आणि त्याचा अर्थ मी दुपारपासून एकाच बाजूने लावतेय.

बुद्धिमत्तेच्या वह्या काढून ठेवल्यात दारापाशी. आरसा नाही द्यायचा. आरसा माझा आहे. तिने तिचा आणावा.

खोकं घरी आणलंय. मावशींना सांगून आणलंय, डेड स्टॉकात नाही ते. यांनी विचारलं, हे काय आता? म्हटलं, काड्या. पुढे विचारलं नाही, कुणाची तरी विकेट गेली.

डायनिंग टेबलावर सगळे गठ्ठे ओतले आणि मोजायला घेतले. चौदा गठ्ठे. रबरं काही इतकी जुनी की बोट लावताच तुटली. आठ बरोबर दहाचे. एकात अकरा. पाचात नऊच काड्या. म्हणजे बघा, पोराने इमानदारीने गठ्ठा सोडला, एकेक मोजली, नऊ आल्या, बाई म्हणतात दहा. कुणाचं खरं धरायचं त्याने? त्यातलं एखादं माझ्या चौथीत आलं असेल आणि मी त्याला हातच्यावरून बोलले असेन.

अकरावाल्यातली एक काढून नऊवाल्यात घातली. चार काड्या कमी पडतात. आमचा खराटा गॅलरीत आहे, पण तो मोलकरणीच्या ताब्यात, त्याला हात लावलेला तिला खपत नाही. उद्या मंडईतून नवीन आणते, आणि रबरांचं पाकीट.