मोडल व्हर्ब्स मला कळले ते घरच्या मराठीतून

मी इंदूरची, घर रामबागेत. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी आणि शाळापण हिंदी मीडियमची, त्यामुळे इंग्लिश जे काय शिकले ते सगळं हिंदीतून. मोडल व्हर्ब्सचा, म्हणजे क्रियापदाला जमणं, सल्ला, सक्ती असे अर्थ जोडणाऱ्या शब्दांचा, तक्ता अजून तोंडपाठ आहे, कॅन म्हणजे सकना, शुड म्हणजे चाहिए, मस्ट म्हणजे जरूरी. परीक्षेत मार्क चांगले पडायचे म्हणून वाटायचं की हे आपल्याला येतं.

तीन वर्षांपूर्वी एका एक्सपोर्टवाल्या ऑफिसात लागले, बाहेरदेशच्या पार्ट्यांना मेल लिहायचं काम. दुसऱ्याच महिन्यात एका पार्टीने विचारलं की ओरिजिनल कागद आत्ताच कुरियर करू का. मला सांगायचं होतं की गरज नाही, सध्या स्कॅन पाठवलेत तरी चालेल, आणि मी लिहिलं 'यू मस्ट नॉट सेंड द ओरिजिनल्स नाऊ'. माझं गणित सरळ होतं, मस्ट म्हणजे जरूरी तर मस्ट नॉट म्हणजे जरूरी नाही. पण मस्ट नॉट म्हणजे सक्त मनाई! त्यांनी कागद अडवून ठेवले, वरच्यांना विचारलं की हे लोक मनाई का करताहेत, काही कायद्याचं लफडं आहे का, आणि ते निस्तरण्यात आठवडा गेला. मला फार वाईट वाटलं, कारण कामात मी कुठेच आळस केला नव्हता.

माझी आत्या शाळेत इंग्लिश शिकवायची, आता रिटायर आहे. रविवारी तिच्याकडे गेले आणि सगळं सांगितलं. ती म्हणाली, "अगं, इंग्लिश राहू दे, हेच तू मला मराठीत कसं सांगितलं असतंस?" मी म्हटलं, "नाही पाठवलंस तरी चालेल." "आणि मनाई असती तर?" "पाठवायचे नाहीत." "मग दोन वेगळी वाक्यं आहेत न तुझ्याकडे? पहिल्याला डोन्ट हॅव टू, नाहीतर नीड नॉट. दुसऱ्याला मस्ट नॉट. तू मराठीत विचार केलास आणि हिंदीच्या तक्त्यातून शब्द उचललास."

त्या दिवसापासून वही केली. डाव्या पानावर घरात कानावर पडलेलं वाक्य जसंच्या तसं, उजवीकडे इंग्लिश, आणि दर रविवारी आत्या तपासणार. शब्दाला शब्द लावायचा नाही, अख्खं वाक्य घ्यायचं, एवढाच तिचा नियम. आई म्हणाली 'बँकेत जावं लागलं', तर तिथे हॅड टू, कारण बंधनाच्या अर्थाने मस्टला भूतकाळच नाही. 'तू डॉक्टरकडे जायला पाहिजे' हा सल्ला आहे, तिथे शुड. आणि 'जायला पाहिजे होतं' म्हटलं की गेली नाही हे त्यातच आलं, शुड हॅव गॉनमध्येपण अगदी तेच.

मला सगळ्यात जास्त आवडलं ते कुडचं. मी बिनधास्त लिहायचे 'यस्टर्डे आय कुड फिनिश द रिपोर्ट' आणि आत्या दरवेळी लाल पेन मारायची, मला कळेचना चूक कुठे आहे, कॅनचा भूतकाळ कुडच न? मग तिने विचारलं, लहानपणी तुला पोहता यायचं का? यायचं. आणि काल रिपोर्ट पूर्ण करता आला का? आला. बघ, म्हणाली, एकदा 'यायचं' म्हटलंस आणि एकदा 'आला'. नेहमीची अंगातली कला असेल, यायचं असेल, तिथे कुड. एकाच वेळी जमून गेलेलं काम असेल तिथे वॉज एबल टू किंवा मॅनेज्ड टू. आणि 'आलं नाही' म्हणायचं असेल तर दोन्हीकडे कुडन्ट चालतं. मी अक्षरशः हातातला चहा खाली ठेवला. हा फरक मी लहानपणापासून रोज बोलत होते आणि इंग्लिशमध्ये तो मला कोणी दाखवलाच नव्हता!

अंदाजाचंपण तसंच. 'पोचली असणारच' म्हणजे शी मस्ट हॅव रीच्ड, 'पोचली असेल कदाचित' म्हणजे माइट हॅव. फक्त उलट बाजूला सावध राहायचं, 'तो घरी असणं शक्यच नाही' याला मस्टन्ट बी नाही, कान्ट बी. आणि 'आज पाऊस पडू शकतो' यातल्या शकतोवरून मी कॅन रेन लिहायचे, तिथे माइट किंवा कुड पाहिजे, आजच्या एखाद्या शक्यतेसाठी कॅन वापरत नाहीत.

बाकीचे नियम, म्हणजे पुढे टू नाही, ही-शी आलं तरी एस नाही, प्रश्नात डू नाही, हे पाठ करून होतं, त्यात विशेष काही नाही. विनंतीचं मात्र महत्त्वाचं आहे, कॅन यू सेंडपेक्षा कुड यू सेंड सौम्य, आणि त्यातल्या कुडचा भूतकाळाशी काही संबंध नाही, आपण 'पाठव' न म्हणता 'पाठवाल का' म्हणतो तसंच ते.

वुड आणि यूज्ड टूवर येऊन मी परत अडकले. आजोबा हुकुमचंद मिलमध्ये होते, ती १९९१ साली बंद पडली, मी पाहिलेलीच नाही. आत्याने त्यांच्यावरच वाक्यं लिहायला लावली. पहाटे उठायचे, डबा घेऊन निघायचे, संध्याकाळी दमून यायचे, हे सगळं सवयीचं, पुन्हापुन्हा होणारं, इथे वुडपण चालतं आणि यूज्ड टूपण. पण 'पूर्वी आपल्याकडे पैसा कमी होता, वस्तीत सगळे एकमेकांना ओळखत होते' ही नुसती स्थिती आहे, इथे वुड चालत नाही, यूज्ड टूच. दीड पान झालं. आत्याने वाचलं, दोन ठिकाणी वुड खोडलं, आणि मग लाल पेन बाजूला ठेवून तेच पान परत वाचलं, या वेळी मोठ्याने, अगदी सावकाश.

त्या पार्टीशी अजून काम चालू आहे. मागच्या महिन्यात त्यांनी विचारलं की सॅम्पल परत पाठवायचे का. मी लिहिलं 'यू डोन्ट हॅव टू रिटर्न देम'. पाच मिनिटांत उत्तर आलं, थँक्स, मग आम्ही ठेवून घेतो.